एचएमटी तांदळाचं मोल कुणाला मिळालं?

पुण्या-मुंबईत चढ्या भावाने विकला जाणारा एचएमटी तांदूळ आमच्या शेजारचा! नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 च्या सुमारास 'पटेल 3' धानाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या, वर्षानुवर्षं निवडून वाण तयार केलं. नाव तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळावरून पडलं. 1998 मध्ये आमच्या सिंदेवाहीच्या संशोधन केंद्रातून त्याचंच शुद्ध केलेलं 'पीकेव्ही एचएमटी' आलं.

मग दादाजी श्रीमंत का झाले नाहीत? धानाचं बियाणं घरीच राखता येतं. एका शेतकऱ्याला पायलीभर दिलं की दोन-तीन हंगामांत गावभर पसरतं. मग मूळ माणसाकडे कोण येणार? बारीक दाण्याचा जास्तीचा भाव बाजारातच वाटला गेला. मला हे फार लागतं. दादाजी 2018 मध्ये गेले.