मारापीच्या अंगाखांद्यावर

पारियांगान गावात मशिदीला लागूनच गरम पाण्याची न्हाणी आहेत. डोंगराच्या पोटात तापलेले पाणी तिथे बारा महिने वाहते. नमाजापूर्वी हातपाय धुवायला आणि एरवी अंघोळीला गावकरी तेच वापरतात. मशिदीच्या आसपास शिंगांसारख्या टोकदार छपरांची जुनी लाकडी घरे, त्यांच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेली भातखाचरे आणि डोक्यावर २,८९१ मीटर उंचीचा मारापी हा जागृत ज्वालामुखी. पाणी ऊन का, भात एवढा का पिकतो आणि ११ मे २०२४ च्या रात्री या परिसरात साठहून अधिक माणसे का दगावली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच डोंगरात सापडतात.

पारियांगान इंडोनेशियाच्या पश्चिम सुमात्रा प्रांतात, तानाह दातार जिल्ह्यात आहे. हा मिनांगकाबाऊ लोकांचा मूळ मुलूख. जगातील सर्वांत मोठा मातृवंशीय समाज म्हणून तो मानववंशशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित आहे. मिनांगकाबाऊ लोककथा सांगतात, की पूर्वज समुद्रमार्गे आले तेव्हा चहूकडे पाणीच होते आणि मारापी जेमतेम अंड्याएवढा दिसत होता. पाणी ओसरले तसे ते उताराने खाली आले आणि त्यांनी पारियांगान वसवले. म्हणून हे सर्वांत जुने गाव मानले जाते. जावा बेटावरचा प्रसिद्ध मेरापी ज्वालामुखी वेगळा. नावे सारखी असल्याने दोघांत नेहमी गल्लत होते.

सुमात्राच्या पश्चिमेला समुद्राच्या तळाशी एक लांबलचक खोल खंदक आहे. भारतीय-ऑस्ट्रेलियन भूपट्ट, म्हणजे आपला देशही ज्याचा भाग आहे तो भूपट्ट, तिथे वर्षाला काही सेंटिमीटर या गतीने सुमात्राखाली सरकतो. खाली जाणाऱ्या खडकांतील पाणी उष्णतेने आणि दाबाने बाहेर पडून वरच्या प्रावरणात शिरते. पाणी शिरले की खडकाचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. तोच वर येऊन मारापी, सिंगालांग, तांदिकात असे ज्वालामुखी उभे राहिले आहेत. भूपट्टाची ही टक्कर समोरासमोर न होता तिरकी होते. त्या तिरक्या ताणाने बेटाच्या लांबीभर, सुमारे १,९०० किलोमीटरचा महाभ्रंश निर्माण झाला आहे. ६ मार्च २००७ रोजी सिंगकाराक सरोवराजवळ सुमारे दोन तासांच्या अंतराने सहाहून अधिक तीव्रतेचे दोन भूकंप झाले, ते याच भ्रंशावर.

या भूमीच्या ताकदीचा अंदाज बुकितिंगी शहराच्या कडेला येतो. तिथली सियानोक घळ सुमारे शंभर मीटर खोल आहे आणि तिच्या उभ्या भिंती फिकट रंगाच्या ज्वालामुखी राखेच्या आहेत. सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी मानिंजाऊ ज्वालामुखीचा महास्फोट झाला आणि २०० घन किलोमीटरहून अधिक राख व खडक बाहेर फेकले गेले. रिकामा झालेला डोंगर आत खचला आणि तिथे आजचे मानिंजाऊ सरोवर भरले. त्या राखेचे थर नदीने भ्रंशाच्या रेषेवर कापत नेले आणि घळ तयार झाली.

आता शेताकडे येऊ. नुकती पडलेली राख पिकाला मारकच असते. ती पानांवर साचते, कोवळी रोपे दडपते, जनावरांच्या वैरणीत मिसळते. पण राखेचे कण मुख्यतः काचेसारखे असतात आणि अशी ज्वालामुखी काच ऊन-पावसात इतर खनिजांच्या मानाने फार लवकर झिजते. त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही पोषकद्रव्ये सुटी होतात. उरलेल्या सिलिका आणि ॲल्युमिनियमपासून अलोफेन नावाचे अतिसूक्ष्म खनिज बनते. त्याने घडलेली माती हलकी, भुसभुशीत आणि स्पंजासारखी पाणी धरून ठेवणारी असते. मृदाशास्त्रात तिला अँडिसॉल म्हणतात. जगाच्या जमिनीत तिचा वाटा १ टक्क्याहून कमी, पण सेंद्रिय कर्ब साठवण्यात ती आपल्या वाट्याच्या मानाने कितीतरी पुढे आहे. तिची एक खोडही आहे: ती फॉस्फरस घट्ट पकडून ठेवते, त्यामुळे तो पिकाला सहज मिळत नाही.

पाडांगच्या अंदालास विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ दियान फियांतिस यांनी सुमात्रातील ज्वालामुखींच्या राखेचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. एप्रिल २००५ मध्ये तालांग ज्वालामुखीचा उद्रेक झाला, तेव्हा त्याची ताजी राखही त्यांनी तपासली. उजाड राखेवर आधी शैवाले आणि दगडफूल रुजते, त्यामागून गवत आणि झुडपे येतात आणि हवेतला कर्ब मातीत मुरू लागतो. राख माणसांना आज असुरक्षित करते आणि उद्याच्या सुपीक मातीची तरतूद करते, असे त्यांच्या संशोधनाचे सार आहे.

आजची असुरक्षितता किती भीषण असू शकते, ते अलीकडे दोनदा दिसले. ३ डिसेंबर २०२३ रोजी मारापीचा अचानक उद्रेक झाला आणि डोंगरावर चढलेल्यांपैकी २४ जणांचा मृत्यू झाला. विवरापासून ३ किलोमीटरच्या आत जाऊ नये, असा ज्वालामुखी विभागाचा सल्ला आधीपासूनच होता, तरीही गिर्यारोहण चालू होते. पुढचे काही महिने राख उतारांवर साचत राहिली. ११ मे २०२४ च्या रात्री जोरदार पाऊस झाला आणि ती सगळी राख, वाळू आणि मोठाले दगड ओढ्यांमधून खाली आले. शास्त्रात याला लाहार म्हणतात, मिनांगकाबाऊ लोक गालोदो म्हणतात. असा लोंढा पाण्यापेक्षा कितीतरी जड असतो, म्हणूनच घराएवढा दगडही तो वाहून नेतो. आगाम आणि तानाह दातार जिल्ह्यांतील ओढ्याकाठची घरे, पूल आणि पाडांगहून बुकितिंगीला जाणारा मुख्य रस्ता त्याने उद्ध्वस्त केला. एप्रिल १९७९ मध्येही याच डोंगरावरून आलेल्या चिखलाच्या लोंढ्यांनी बळी घेतले होते. उद्रेक थांबला म्हणजे धोका टळला, असे मारापीच्या पायथ्याशी कधीच म्हणता येत नाही.

अशा जागी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या समाजाने आपले शहाणपण घरांच्या बांधणीत साठवले आहे. मिनांगकाबाऊंचे पारंपरिक मोठे घर, रुमाह गादांग, जवळून पाहावे. त्याचे खांब जमिनीत पुरलेले नसतात, सपाट दगडांवर नुसते टेकवलेले असतात. तुळया आणि खांब खाचांत बसवून लाकडी खुंट्या व पाचरींनी आवळतात, लोखंडी खिळा वापरत नाहीत. छप्पर ताडवर्गातील एका झाडाच्या काळ्या, चिवट तंतूंनी शाकारलेले, म्हणजे वजनाला हलके. जमीन हादरली की खांब दगडावर किंचित सरकतात, सांधे थोडे हलतात आणि धक्क्याची ऊर्जा त्या घर्षणात खर्ची पडते. याउलट ३० सप्टेंबर २००९ च्या पाडांग भूकंपात १,१०० हून अधिक लोक मेले. त्यांत पडलेल्या विटा-काँक्रीटच्या इमारतींचा वाटा मोठा होता आणि ज्वालामुखी राखेचे ओले उतार कोसळूनही वस्त्या गाडल्या गेल्या.

या घरांसमोर धान्याची कोठारे उभी असतात. एक रोजच्या खाण्याचे, एक विकून गरजेच्या वस्तू घेण्यासाठीचे आणि एक खास अडचणीच्या दिवसांसाठी. जमीन आईकडून मुलीकडे जाते आणि पूर्वापार कुळाची जमीन विकायची नाही, असा दंडक आहे. ती गहाण टाकायलाही परंपरेने चारच कारणे चालतात: घरातील मृताचे अंत्यसंस्कार, उपवर मुलीचे लग्न, कुळाच्या प्रमुखाची प्रतिष्ठापना आणि मोठ्या घराची मोडतोड. घर दुरुस्त ठेवणे ही इथे लग्न-मयताच्या तोलाची जबाबदारी आहे. भूकंपाच्या देशात यापेक्षा चांगला नियम शोधून सापडणार नाही.

मात्र परंपरा एकटी पुरणार नाही. आज वस्ती वाढली आहे, घरे ओढ्यांच्या पात्राला भिडली आहेत आणि लाकडाची जागा पुरेसे लोखंड न घातलेल्या विटांनी घेतली आहे. गाळ आणि दगड अडवणारे साबो बंधारे, डोंगरमाथ्यावरचा पाऊस मोजून खाली वेळेत इशारा देणारी यंत्रणा आणि ओढ्याकाठची मोकळी पट्टी, हे उपाय शास्त्राला ठाऊक आहेत आणि पश्चिम सुमात्राच्या आवाक्यातलेही आहेत. मारापी सोडून जा, असे पारियांगानला सांगणे व्यर्थ आहे. त्याच डोंगराने त्यांना अन्न दिले आहे. सांगायचे ते एवढेच, की विवराभोवतीचे ३ किलोमीटर आणि ओढ्यांची पात्रे या दोन जागा डोंगराच्या आहेत. त्या त्याला सोडल्या, तर उरलेल्या उतारावर भात पिकवत माणसांना पुढेही सुखाने राहता येईल.