आतल्या माणसांची जबानी

१९६१ सालच्या जानेवारीत, एका आठवड्याच्या अवधीत, अमेरिकेत दोन घटना घडल्या. त्यांपैकी एक त्याच रात्री साऱ्या राष्ट्राने ऐकली, आणि दुसरीचा खरा तपशील सर्वसामान्य नागरिकाच्या हाती पडावयास अर्धे शतक लोटले. १७ तारखेला, कारकिर्दीचे अवघे तीन दिवस उरले असताना, राष्ट्राध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांनी दूरचित्रवाणीवरून देशाचा निरोप घेतला. आणि ज्यांच्या हुकुमतीखाली दोस्तांच्या फौजा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरल्या, ज्यांच्या हयातीचा मोठा भाग लष्करी नोकरीत गेला, त्याच गृहस्थांनी आपल्या देशबांधवांना असे बजावले की, कायमची खडी फौज आणि अवाढव्य शस्त्रोद्योग यांची जी युती आता जमली आहे तिचा प्रभाव राज्यकारभाराच्या प्रत्येक दालनात पोचला असून, जागरूक व जाणत्या नागरिकांवाचून तिला आवर घालणारे दुसरे कोणी नाही. २४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर नॉर्थ कॅरोलायना राज्यातील गोल्ड्सबरो गावाजवळ एका बी-५२ बॉम्बफेकी विमानाचे इंधन गळून ते आकाशातच मोडले, आणि त्यातील दोन हायड्रोजन बॉम्ब खाली शेतांत येऊन पडले. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या सुमारे अडीचशे पट शक्ती त्यांतील एकेकात होती.

एकाची हवाई छत्री उघडली, ती झाडात अडकली आणि बॉम्ब नाक मातीत रुतवून उभा राहिला. दुसरा चिखलात इतका खोल गेला की, त्याचा युरेनियमचा एक भाग पुष्कळ उपसा करूनही हाती आला नाही, आणि अखेरीस तेथे पाच फुटांपलीकडे कोणी खणू नये असा हक्क सरकारने जमिनीच्या मालकाकडून विकत घेतला. अण्वस्त्रांच्या सुरक्षिततेची तपासणी ज्याच्याकडे होती, अशा सँडिया प्रयोगशाळेतील एका अधिकाऱ्याने १९६९ साली या प्रकरणावर टिपण लिहिले. त्यात त्याने नमूद केले की, यांपैकी एका बॉम्बचे बाकीचे अडसर निकामी ठरले होते, आणि कमी दाबाच्या विजेवर चालणारी एक साधी कळ तेवढी अमेरिका व महाभयंकर अनर्थ यांच्या मध्ये शिल्लक राहिली होती. हे टिपण २०१३ साली उजेडात आले.

गेले वर्षभर मी अण्वस्त्रे आणि अमेरिकेचा लष्करवाद यांविषयी मिळेल ते वाचीत आलो आहे. त्या वाचनातून जे सर्वांत ठसठशीतपणे मनावर उमटले ते हे की, या व्यवस्थेविरुद्धची सर्वांत जड साक्ष तिच्या शत्रूंनी दिलेली नाही. ती तिच्याच हुद्देदारांनी, सेनापतींनी, मंत्र्यांनी आणि शास्त्रज्ञांनी दिलेली आहे. दफ्तरे ज्यांच्या ताब्यात होती, ज्यांनी त्यांवर स्वतःच्या सह्या केल्या होत्या, त्यांचीच ही जबानी होय. म्हणून तिला परकीयांचा मत्सर किंवा भाबड्यांचा शांतिपाठ म्हणून बाजूस सारता येत नाही.

हिरोशिमाविषयी आपले सर्वसाधारण ज्ञान बहुधा त्या छत्राकार ढगाच्या चित्रापाशी थांबते. जॉन हर्सी या वार्ताहराने तेथील सहा जणांची हकीकत लिहिली, आणि ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६ चा अंक सबंध तिलाच दिला. ती वाचताना दिसतात ती माणसे : कचेरीत बसलेली एक कारकून मुलगी, तीन लेकरांची आई असलेली शिंप्याची विधवा, दोन डॉक्टर, एक जर्मन पाद्री आणि एक जपानी धर्मोपदेशक. हा बॉम्ब टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे शाळेच्या पुस्तकांतून शिकविले जाते. परंतु अमेरिकन सरकारनेच नेमलेल्या बॉम्बफेक-पाहणी मंडळाने १९४६ साली असा निष्कर्ष काढला की, अणुबॉम्ब टाकले नसते, रशिया युद्धात उतरला नसता आणि स्वारीची तजवीजही झाली नसती, तरी १९४५ साल संपण्यापूर्वी जपान खात्रीने शरण आले असते. या निष्कर्षावर पुढील काही इतिहासकारांनी आक्षेप घेतले आहेत आणि ते विचारात घ्यावे लागतात. तथापि राष्ट्राध्यक्षांचे लष्करी सल्लागार नौसेनापती विल्यम लीही यांनीही १९५० सालच्या आपल्या आठवणींत तशाच आशयाचे मत लिहून ठेवले आहे. लक्ष्यांच्या यादीत प्रथम क्योतोचे नाव होते. युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी ते प्राचीन नगर पूर्वी स्वतः पाहिले होते, म्हणून त्यांच्या आग्रहावरून ते वगळले गेले. ९ ऑगस्टचे ठरलेले लक्ष्य कोकुरा होते, पण तेथे खालचे काही दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. एका मंत्र्याच्या प्रवासाच्या आठवणीने एक शहर वाचावे, आकाश झाकोळले म्हणून दुसरे वाचावे आणि तिसरे भस्म व्हावे, हे वाचल्यावर ‘अपरिहार्य’ हा शब्द माझ्या तरी लेखणीतून सहजासहजी उतरणार नाही.

त्यानंतरची कथा पॅसिफिक महासागरातील मार्शल बेटांची आहे, आणि ती आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे. मार्च १९४६ मध्ये बिकिनी बेटावरील १६७ रहिवाशांना, मानवजातीच्या कल्याणासाठी तात्पुरते घर सोडा, असे सांगून हलविण्यात आले. १९५८ पर्यंत त्या द्वीपसमूहात ६७ चाचण्या झाल्या. १ मार्च १९५४ रोजी उडविलेला बॉम्ब १५ मेगाटनांचा, म्हणजे शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या सुमारे अडीचपट निघाला. बंदी घातलेल्या क्षेत्राबाहेर मासे धरीत असलेल्या एका जपानी नौकेवर काही तासांनी जळालेल्या प्रवाळाची पांढरी राख भुरभुरू लागली. २३ खलाशांनी ती हाताने झटकली, आणि बंदराला लागेपर्यंत त्यांची कातडी काळवंडून केस गळू लागले होते. त्यांच्यातील तारायंत्र सांभाळणारा इसम त्याच वर्षी सप्टेंबरात मरण पावला. त्या स्फोटानंतर महिन्याभराने, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अशा चाचण्या निदान स्थगित ठेवाव्यात असा प्रस्ताव मांडला.

येथे आपल्या मुलखाचाही संबंध येतो, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. डिसेंबर १९५३ मध्ये आयझेनहॉवर यांनी ‘शांततेसाठी अणू’ ही घोषणा केली. तिच्याच छायेत कॅनडाची रचना आणि अमेरिकेचे जड पाणी घेऊन मुंबईजवळ तुर्भे येथे ‘सायरस’ अणुभट्टी उभी राहिली आणि १९६० साली सुरू झाली. तिच्यातून निघालेले प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजी पोखरणच्या वाळवंटात वापरले गेले. त्याआधी अडीच वर्षे, बांगलादेशच्या युद्धात, अमेरिकेचे ‘एंटरप्राइझ’ हे अणुशक्तीवर चालणारे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे रवाना झाले होते. ज्या राष्ट्राने हाती साधन दिले त्यानेच धाकही दाखविला, आणि दोहोंचा परिणाम एकाच दिशेने झाला. गोमंतकात जन्मलेले थोर गणितज्ञ व इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे जागतिक शांतता चळवळीत वावरत होते, आणि भारतासारख्या उन्हाच्या देशाने अणुभट्ट्यांमागे न लागता सौरशक्तीकडे वळावे, असे ते त्या काळीच आग्रहाने मांडीत होते. त्यांचे ते लेखन आज पुन्हा वाचले गेले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

वर्षभरातील सर्वांत जड गेलेले पुस्तक डॅनिएल एल्सबर्ग यांचे ‘द डूम्सडे मशीन’ होय. व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रे १९७१ साली वृत्तपत्रांच्या हवाली करणारा माणूस म्हणून एल्सबर्ग प्रसिद्ध आहेत. पण त्याच्या दहा वर्षे आधी ते अणुयुद्धाच्या योजनांचे सल्लागार होते, हे कमी लोकांना माहीत असते. १९६१ च्या वसंत ऋतूत त्यांनीच मसुदा केलेला एक प्रश्न राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या नावे सेनाप्रमुखांकडे गेला : तुमची योजना ठरल्याप्रमाणे पार पडली, तर सोव्हिएत संघ आणि चीन यांत किती माणसे मरतील? उत्तर कोणी टाळले नाही, त्यासाठी मुदतही मागितली नाही. एका कागदावर आलेख काढून आला : आरंभी साडेसत्तावीस कोटी, सहा महिन्यांत साडेबत्तीस कोटी. मग आणखी विचारणा झाली तेव्हा पूर्व युरोपातील दहा कोटी, वाऱ्याच्या दिशेनुसार पश्चिम युरोपातील मित्रराष्ट्रांतील दहा कोटी, आणि फिनलंड, अफगाणिस्तान, भारत यांसारख्या, कोणाच्याही भांडणात नसलेल्या शेजारी देशांतील दहा कोटी अशी भर पडून बेरीज साठ कोटींच्या घरात गेली. त्या वर्षीच्या जनगणनेत भारताची सारी लोकसंख्या सुमारे ४४ कोटी भरली होती. चीन युद्धात नसला तरी त्याच्यावरही बॉम्ब पडावयाचे होते, कारण त्याला वगळण्याची सोयच योजनेत ठेवलेली नव्हती. मरीन दलाचे प्रमुख जनरल डेव्हिड शूप यांनी तेवढ्यावरून तिला विरोध केला. हा आलेख तयार करणारी माणसे क्रूर होती असे एल्सबर्ग म्हणत नाहीत. ती सुशिक्षित, कर्तव्यनिष्ठ, कुटुंबवत्सल माणसे होती, आणि आपल्याला नेमून दिलेले काम करीत होती.

या व्यवस्थेच्या समर्थनार्थ जे म्हटले जाते तेही मी वाचले, कारण ते न वाचता मत बनविणे अन्यायाचे झाले असते. युद्धनीतीचे अभ्यासक बर्नार्ड ब्रोडी यांनी १९४६ सालीच असे प्रतिपादिले होते की, आजवर फौजेचे काम युद्ध जिंकणे हे होते, यापुढे ते युद्ध टाळणे हेच असले पाहिजे. आणि १९४५ नंतर महासत्तांची थेट लढाई झाली नाही, हे या मताच्या पुष्ट्यर्थ सांगितले जाते. परंतु क्यूबाच्या पेचप्रसंगात संरक्षणमंत्री असलेले रॉबर्ट मॅक्नामारा यांना १९९२ साली हवानाच्या परिषदेत प्रथमच कळले की, १९६२ च्या त्या ऑक्टोबरात रशियाची रणांगणी अण्वस्त्रे क्यूबात अगोदरच येऊन पोचली होती. आपण केवळ नशिबाने वाचलो, असे ते पुढे उघडपणे सांगू लागले. अमेरिकेची सारी सामरिक अण्वस्त्रे ज्यांच्या अखत्यारीत होती ते जनरल ली बटलर निवृत्तीनंतर, १९९६ साली, अण्वस्त्रांच्या संपूर्ण निर्मूलनाची मागणी करू लागले. विल्यम पेरी हे संरक्षण खात्यात उपमंत्री असताना एका उत्तररात्री त्यांना दूरध्वनीने उठवून, रशियाकडून दोनशे क्षेपणास्त्रे येत असल्याचे यंत्रांवर दिसत आहे, असे कळविण्यात आले होते. तो इशारा खोटा ठरला. पुढे संरक्षणमंत्रिपद भूषविलेल्या या गृहस्थांचे म्हणणे असे की, जमिनीवरील क्षेपणास्त्रे मोडीतच काढावीत, कारण शत्रूच्या माऱ्यात ती नष्ट होतील या भीतीने खोट्या इशाऱ्यावरही ती सोडण्याचा मोह राष्ट्राध्यक्षाला होईल.

ती मोडीत काढली गेली नाहीत. माँटाना, नॉर्थ डकोटा, वायोमिंग या राज्यांच्या गव्हाच्या शेतांत आणि कुरणांत, तारेच्या कुंपणाआड, चारशे क्षेपणास्त्रे सज्ज आहेत, आणि त्यांच्या जागी नवी बसविण्याच्या योजनेचा अंदाज २०२४ साली सुमारे १४१ अब्ज डॉलरांवर गेला. खर्च ८१ टक्के वाढल्याने कायद्याप्रमाणे फेरतपासणी झाली, आणि योजना राष्ट्राच्या सुरक्षिततेस अत्यावश्यक आहे असे ठरवून पुढे चालू ठेवण्यात आली. २०२३ साली जगाचा जो एकूण लष्करी खर्च झाला त्याचा ३७ टक्के, म्हणजे ९१६ अब्ज डॉलर, एकट्या अमेरिकेचा होता, आणि तिचे सुमारे साडेसातशे तळ परमुलखांत पसरलेले आहेत. हा डोलारा केवळ भीतीवर उभा राहत नाही. त्याची कंत्राटे राज्याराज्यांत वाटलेली असतात, प्रत्येक कारखान्यामागे काही हजार कुटुंबांची रोजीरोटी असते, आणि त्या मतदारसंघाचा प्रतिनिधी कितीही शांतताप्रिय असला तरी तो कारखाना बंद करण्याच्या बाजूने हात वर करताना कचरतो. मरीन दलातून मेजर जनरलच्या हुद्द्यावर निवृत्त झालेले स्मेडली बटलर यांनी १९३५ सालीच युद्ध हा मूठभरांच्या नफ्याचा धंदा असल्याचे पुस्तक लिहून सांगितले होते. त्यांची भाषा रांगडी आहे, पण पंचवीसेक वर्षांनी आयझेनहॉवर यांनी संयमाने जे मांडले त्याचे मूळ तिच्यात स्पष्ट दिसते.

या साऱ्या साक्षीदारांत सर्वांत लहान हुद्द्याचा माणूस मला सर्वांत मोठा वाटला. मेजर हॅरॉल्ड हेरिंग हे व्हिएतनाममध्ये पाडलेल्या विमानांतील वैमानिकांची सुटका करण्याच्या कामगिरीवर होते. १९७३ च्या अखेरीस कॅलिफोर्नियातील व्हँडनबर्ग तळावर त्यांना क्षेपणास्त्रे सोडण्याचे शिक्षण दिले जात होते. भूमिगत कोठडीत दोन अधिकारी, दोन किल्ल्या, आणि एकाच माणसाला दोन्ही फिरवता येऊ नयेत एवढे त्यांच्यातले अंतर : एका अधिकाऱ्याच्या डोक्यात वेड शिरले तर काय, याचा बंदोबस्त इतक्या बारकाईने केलेला होता. हेरिंग यांनी वर्गात विचारले की, मला मिळालेला हुकूम शुद्धीवर असलेल्या राष्ट्राध्यक्षानेच दिलेला आहे हे मी कसे ओळखावे? त्यांना शिक्षणक्रमातून काढले गेले. चौकशी मंडळापुढे त्यांनी आपली बाजू मांडली की, हुकूम पाळण्यास मी तयार आहे, पण तो कायदेशीर आहे याची खात्री मागणे हे माझे कर्तव्य आहे. मंडळाचे म्हणणे असे पडले की, हे जाणून घेण्याची त्यांच्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याला गरज नाही. एकवीस वर्षांच्या चाकरीनंतर त्यांना लष्करातून दूर करण्यात आले, आणि पुढे ते पोटासाठी मालमोटार चालवू लागले.

अण्वस्त्रे सोडण्याचा हुकूम देण्याचा अधिकार अमेरिकेत आजही एकट्या राष्ट्राध्यक्षाकडे आहे. त्यासाठी मंत्रिमंडळाची संमती लागत नाही, विधिमंडळाची लागत नाही, न्यायालयाची तर नाहीच. विधिमंडळाने युद्ध जाहीर केल्यावाचून राष्ट्राध्यक्षाला प्रथम अण्वस्त्र वापरता येऊ नये, अशा आशयाचे विधेयक सिनेटर एडवर्ड मार्की आणि प्रतिनिधी टेड ल्यू यांनी २०१६ साली आणले व पुढेही पुनःपुन्हा मांडले, पण त्याचा कायदा होऊ शकलेला नाही.