लष्करी वाद्यवृंद : संचलन व मैफल

सैन्याच्या संचलनास लय पुरविण्यासाठी व समारंभप्रसंगी वादनासाठी राखलेला, मुख्यतः सुषिर व तालवाद्यांचा ताफा म्हणजे लष्करी वाद्यवृंद होय. चालत्या तुकडीस पाऊल देणे आणि बसलेल्या श्रोत्यांस संगीत ऐकविणे, अशी दोन कामे त्याच्याकडे असतात. वादक तेच व बव्हंशी वाद्येही तीच. तथापि या दोन कामांच्या गरजा परस्परविरोधी आहेत.

संचलनात लय वादकाच्या इच्छेवर नसते. द्रुत संचलनाची गती मिनिटास सुमारे १२० पावलांची असून हलक्या पायदळाच्या परंपरेत ती सुमारे १४० पर्यंत जाते. बेळगाव येथे केंद्र असलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या नावातच ही परंपरा आहे. उघड्या मैदानावर मंद स्वर विरून जातात. म्हणून कॉर्नेट, ट्राँबोन व ड्रम यांचे प्राबल्य असते. दुहेरी पत्तीचे ओबो हे नाजूक वाद्य चालताना वाजविणे अवघड, तर उभे डबल बास नेणे अशक्यच. धून पाठ करावी लागते किंवा वाद्यास अडकविलेल्या लहानशा पत्रिकेवरून वाजवावी लागते. साहजिकच ती आटोपशीर व पुनरावृत्तीची असते. चालण्याने दमही खर्च होतो, त्यामुळे दीर्घ स्वर शेजारशेजारच्या वादकांनी आळीपाळीने श्वास घेऊन सांभाळावा लागतो.

मैफलीत हे सर्व उलटे होते. लय कमीजास्त करता येते, हळुवार स्वरांना किंमत येते आणि मूळ सिंफनीतील व्हायोलिनचे काम क्लॅरिनेटांना करावे लागते. संचलनात ड्रममेजरचा दंड आरंभ, वळण व थांबा दाखवितो. स्वरांच्या छटा संचालकाच्या हातातूनच मिळतात. मैदानावर जोरकस फुंकीची सवय झालेला वादक सभागृहात सहज कर्कश होतो. ही सवय मोडण्यास वेळ लागतो, आणि संचलनांच्या तारखा ठरलेल्या असल्याने सरावाचा वेळ बहुधा मैफलीच्याच वाट्याचा कापला जातो. मशकबीनचे पथक या बाबतीत अधिकच बांधलेले असते. त्याच्या वाद्यावर नऊच स्वर निघतात, सोबतचा आधारस्वर अखंड चालू राहतो व आवाज लहानमोठा करता येत नाही.

१९४५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नौदलाच्या वाद्यवृंदाची ही दोन्ही रूपे मुंबईत पाहावयास मिळतात. नौदल दिनाच्या (४ डिसेंबर) सुमारास गेटवे ऑफ इंडियासमोर तो कवायतीसह वादन करतो. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्सच्या सभागृहात त्याच्या सिंफनी-मैफली झाल्या आहेत. चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेल्या गोमंतकीय वादकांनी मुंबईतील विविध वाद्यवृंदांस दीर्घकाळ कुशल मनुष्यबळ पुरविले. भूसेनेच्या वादकांचे शिक्षण पचमढी येथे होते. सेमाडोह (जि. अमरावती) ज्या सातपुडा रांगांत वसले आहे त्याच रांगांत पूर्वेकडे, मध्य प्रदेशात, हे ठिकाण आहे. जनरल करिअप्पा यांच्या पुढाकाराने १९५० मध्ये तेथे लष्करी संगीतशाळा सुरू झाली. पुढे ती सेना शिक्षण दलाच्या प्रशिक्षण केंद्राचा संगीत विभाग बनली.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय धुनींचा समावेश वाढला, तेव्हा या दुहेरी गरजेतील अडचण अधिक स्पष्ट झाली. मींड व गमक कळीच्या व झडपेच्या वाद्यांवर पुरते उतरत नाहीत. शिवाय पावलाच्या ठोक्यात बसविताना सुरावट छाटावी लागते. रागाचे अंग राखावयाचे तर पथकास उभे राहूनच वाजविणे भाग पडते. दिल्लीतील २९ जानेवारीच्या ‘बीटिंग रिट्रीट’ समारंभातून २०२२ मध्ये ‘अबाइड विथ मी’ हे स्तोत्र वगळण्यात आले आणि सी. रामचंद्र यांनी स्वरबद्ध केलेले व लता मंगेशकर यांनी १९६३ मध्ये गायिलेले ‘ऐ मेरे वतन के लोगों’ हे गीत कार्यक्रमात आले. दोन्ही रचना संथ असून पाऊल टाकण्यासाठी केलेल्या नाहीत.