मेंदीचे कुंपण आणि विजेची कात्री

मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हाने करपलेले मेंदीचे कुंपण मृगाच्या सरी पडताच भरून येते, वाटेवर झुकू लागते आणि अकोल्यातील बंगल्यांच्या आवारांत छाटणीचा विषय निघतो. पूर्वी माळीदादा लांब मुठींची कात्री घेऊन येत. आता अनेक घरांत विजेवर चालणारा हेज ट्रिमर आला आहे. काम झटपट होते, हे खरे. परंतु ज्या सहजतेने हे पाते फांदी कापते, त्याच सहजतेने ते स्वतःची वायरही कापू शकते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘घरात एमसीबी आहे, काही झाले तर ती पडेल,’ असे आपण सहज म्हणतो. एमसीबीचे काम वायरिंगला अतिभारापासून वाचविण्याचे. माणसाला वाचविण्याचे नव्हे. २३० व्होल्टवर ५०० वॅटचा ट्रिमर सुमारे २ अँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या शरीरातून त्याचा अगदी अल्प अंश, ३० ते ४० मिलीअँपिअर वाहिला, तरी स्नायू आखडतात, हात सुटत नाही, श्वास कोंडतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला याचा पत्ताही लागत नाही. आरसीसीबी मात्र जाणारा आणि परत येणारा प्रवाह सतत ताडून पाहते; ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीत तेवढी तफावत पडताच वीज क्षणार्धात तुटते. म्हणून बागेतील प्लगला ती आधी बसवावी आणि तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

वायर नेहमी खांद्यावरून पाठीमागे सोडावी आणि छाटलेल्या भागाकडून न छाटलेल्या भागाकडे सरकावे. म्हणजे वायर पात्यापुढे येत नाही. दोन्ही हातांनी दाबायची बटणे दोरीने बांधून ठेवू नयेत. बटण सोडल्यावरही पाते क्षणभर फिरते. अडकलेली काडी प्लग काढूनच सोडवावी. बॅटरीच्या यंत्रात वायरचे भय नसले, तरी काडी काढण्यापूर्वी बॅटरी वेगळी करावी. डोळ्यांना चष्मा, हातांत जाड मोजे, पायांत बंद बूट असावेत. कुंपणात दडलेली तारेची जाळी आधी चाचपावी. मुलांना दूर ठेवावे.

आपल्या काळ्या मातीत पावसाचे पाणी बराच काळ मुरून राहते. ओल्या जमिनीवर, ओल्या पानांत हे यंत्र चालवूच नये. चातुर्मासात हिरव्या वनस्पतीला विनाकारण धक्का लावू नये, हा आपल्या घरांतील जुना दंडक येथे विजेच्या नियमाशी जुळतो. बुलबुल आणि शिंपी पक्ष्यांची घरटीही याच दिवसांत झुडपांत असतात. यंत्राला ती दिसत नाहीत, आपल्याला दिसू शकतात. मोठी छाटणी पावसाआधी किंवा कार्तिकी पौर्णिमेनंतर, कुंपण नीट पाहून करावी.

वायर कापली गेलीच, तर तिला हात न लावता प्रथम मुख्य स्विच बंद करावा. कुणाला धक्का बसला असेल, तर वीज तोडल्याशिवाय त्याला स्पर्श करू नये; १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बहुतेक घरांत हे यंत्र प्रत्यक्ष चालवितात ते माळीदादा. त्यांच्या रोजंदारीत मोजे, चष्मा, आरसीसीबी यांची तरतूद नसते. ती करणे घरमालकाचे कर्तव्य आहे. सूक्ष्म जीवांसाठी पाळली जाणारी यतना आपल्या आवारात राबणाऱ्या माणसाच्या वाट्याला प्रथम आली पाहिजे.