खाडी आली, गाडी बोटीत!
रेवस ते रेडी : सुट्टीतल्या सफरीसाठी चटपटीत शिदोरी

मुंबईहून गोव्याला जायचे दोन रस्ते. एक राष्ट्रीय महामार्ग ६६. पनवेलला सुरू होतो तो थेट कन्याकुमारीला थांबतो. दुसरा समुद्राच्या कडेकडेने, रेवसपासून रेडीपर्यंत. पहिल्यावर ट्रक भेटतात. दुसऱ्यावर किल्ले, कासवं, कातळात कोरलेला हत्ती आणि हद्दपार झालेला एक राजा. मे महिन्यात आजी-आजोबा, पोरंटोरं, लोणच्याची बरणी असा सगळा लवाजमा घेऊन निघणार असाल, तर दुसराच रस्ता धरा. वेळ जास्त लागेल, पण मागच्या सीटवरून ‘कंटाळा आला’ ऐकू येणार नाही. वाटेत सांगायला हा खाऊ, साधारण उत्तरेकडून दक्षिणेकडे.

पहिलं वळण समुद्रात
सहल सुरू होते ती भाऊच्या धक्क्यावर. २०२०पासून इथून मांडव्याला रो-रो बोट जाते आणि गाडीलाही सोबत नेते. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी अटल सेतू आहेच : लांबी २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर.

ट्रामला भिऊन पळालेली वेधशाळा
पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेवर ट्राम धावणार असं ठरलं आणि शास्त्रज्ञांना घाम फुटला, कारण त्या विजेने नाजूक उपकरणं बिथरली असती. मग १९०४पासून हे काम अलिबागला सुरू झालं, तेही मुद्दाम लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत. विजेची ट्राम १९०७मध्ये आली आणि १९६४मध्ये गेलीही. वेधशाळा अजून अलिबागेतच आहे.

पाऊणपटीचं गणित
अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणाही ओहोटीच्याच वेळी करायची. मग भरती कधी? मोबाइल काढू नका, कालनिर्णय काढा. तिथीचा आकडा घ्या आणि त्याची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता; त्या सुमारास पूर्ण भरती आणि पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी भरती. हिशेब ढोबळ आहे, म्हणून पाण्यात पाय टाकण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळीदादांना विचारायचंच.

दगड वाजतो, टणटण!
थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी बेट. तिथल्या एका दगडावर छोट्या दगडाने ठोकलं की धातूवर आपटल्यासारखा आवाज येतो. खांदेरीला आता जागतिक मानही मिळाला आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यातले खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चारही तुमच्या याच वाटेवर आहेत. पोरांना यादी द्या आणि खुणा करू द्या.

वास्को द गामाच्या आधीचा पाहुणा
वास्को द गामा १४९८मध्ये कालिकतला उतरला, हे शाळेत शिकवतात. त्याच्या सुमारे पाव शतक आधी अफनासी निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला होता. त्याने प्रवासाची टिपणंही लिहून ठेवली. शेजारच्या रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. खाडी ओलांडून कोर्लईला जा. पोर्तुगीज इथून १७४०मध्ये गेले, पण गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून तयार झालेली बोली बोलतात.

भर उन्हाळ्यात नदीला पाणी कुठून?
रेवदंड्याला समुद्राला मिळणारी कुंडलिका कोलाडजवळ मे महिन्यातही फेसाळत असते आणि तिच्यात राफ्टिंग चालतं. पाऊस नसताना हे पाणी येतं कुठून? घाटावरून! मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरात येतं आणि तिथून नदीत सोडलं जातं. भिऱ्याचं वीजघर १९२७चं. धरणाला जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला, त्याच प्रकल्पातलं हे पाणी. राफ्टिंग पाणी सुटण्याच्या वेळेवर असतं, म्हणून सकाळी लवकर पोचा.

चिपळूणच्या वाशिष्ठीचीही हीच कथा. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. वीज तयार करून ते वाशिष्ठीतून अरबी समुद्रात येतं. त्या पाण्यावर मगरी मजेत आहेत. त्या बघायला होडीतून फेरी मारता येते. हात मात्र आत ठेवा.

दगड झिजला, चुना टिकला
मुरूडच्या किनाऱ्यावरून दोन जलदुर्ग दिसतात. एक सिद्दीचा जंजिरा, जो शेवटपर्यंत कुणाला जिंकता आला नाही. दुसरा पद्मदुर्ग, जो शिवाजी महाराजांनी जंजिऱ्याला शह द्यायला बांधून घेतला. पद्मदुर्गाच्या तटाजवळ गेलात तर एक गंमत दिसेल. खाऱ्या वाऱ्याने आणि लाटांनी दगड आत झिजत गेले आहेत, पण त्यांच्यामधला चुना जशाचा तसा उभा आहे. सगळी भिंत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसते. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांना सलाम!

चार खाड्या, चार बोटी
या रस्त्याची खरी मजा इथे आहे. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड अशा चार ठिकाणी रस्ता संपतो, खाडी सुरू होते आणि गाडी फेरीबोटीत चढते. बागमांडल्याला तुम्ही ओलांडता ती सावित्री महाबळेश्वरात उगम पावलेली असते. तिच्या अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे रत्नागिरी. बोटीवर गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहायचं. वारा फुकट.

गरम वाळू, मुली झाल्या!
वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे ओळखलं जातं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने २००२पासून इथली घरटी जपली. कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या तापमानावर ठरतं. वाळू जास्त तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. पिल्लं समुद्राकडे धावतात ती मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. म्हणजे परीक्षा संपताच निघालात तर ही शर्यत बघायला मिळेल, मे उजाडला तर बहुधा हुकेल.

भारतरत्नांचा पट्टा
पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबा भाव्यांचं गाव. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. दापोलीजवळच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे आणि चिपळूणजवळच्या परशुराम परिसरात जन्मलेले पां. वा. काणे. काही तासांच्या अंतरात चार भारतरत्नं! कर्व्यांना हा सन्मान १९५८मध्ये मिळाला, तेव्हा त्यांनी वयाची शंभरी गाठली होती. (आणि हो, मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याचं वेगळं, दापोलीचं वेगळं. मोबाइलवर नकाशा लावताना जपून.)

राजांची अदलाबदल
इंग्रजांनी दिल्लीचा शेवटचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला हद्दपार केलं. पुढे १८८५मध्ये ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा हाती लागला, त्याला उलट्या दिशेने रत्नागिरीला आणलं. तीसेक वर्षं तो इथेच राहिला. समुद्र दिसेल अशा उंचीवर त्याच्यासाठी राजवाडा बांधला, तो पूर्ण व्हायला १९१० उजाडलं. त्या वाड्यात सहा वर्षंच काढून १९१६मध्ये राजा गेला. त्याची समाधीही रत्नागिरीतच आहे.

कातळावरचा हत्ती
राजापूरजवळच्या कशेळीच्या सड्यावर एक हत्ती कोरलेला आहे, सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच. त्याच्या अंगावर आणखी कितीतरी प्राणी-मासे आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांमध्ये एकशिंगी गेंडाही सापडतो. आज कोकणात गेंडा शोधून सापडायचा नाही. २०२२पासून ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ होकायंत्र धरलंत, तर सुई भलतीकडेच वळते. अलिबागला लोखंड चालत नाही, गोठण्यात होकायंत्र! सडा तापण्याआधी सकाळीच जा, आणि शिल्पावर पाय देऊ नका.

सूर्यावरचा वायू आणि साहेबाचे ओटे
विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाशी त्यांचं नातं सांगितलं जातं. त्या ग्रहणात सूर्यप्रकाशाच्या पटात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली, आणि तिथूनच हेलियमचा शोध लागला. मात्र ‘लॉकियरसाहेबांनी इथे बसून हेलियम शोधला’ असं कुणी सांगितलं तर गालात हसा. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडात होते; ती रेषा त्यांनी ऑक्टोबरमध्ये तिकडेच पाहिली. ग्रहणाच्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होते ते आंध्रातल्या गुंटूरला. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ उजाडलं. तरी दर १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिन होतो, आणि तो व्हायलाच हवा. निदान फुग्यातला वायू आधी सूर्यावर सापडला, एवढं तरी मुलांना कळेल.

कोय गेली कुठे?
हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण या राजालाही एक व्याधी आहे. वरून सुरेख दिसणारा आंबा कापला की आत पांढरट, बेचव गर. कोकणात त्याला ‘साका’ म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलम यांच्या संकरातून ‘रत्ना’ काढला, त्यात साका होत नाही. पुढे ‘सिंधू’ काढला, त्याची कोय कागदासारखी पातळ. कोय चोखणाऱ्यांची मात्र पंचाईत. कोकमाचं फळ म्हणजे रातांबा, तोही याच दिवसांत पिकतो. सालीची आमसुलं, रसाचं आगळ आणि बियांचं मुठेल. हे तेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात, म्हणून आजीसाठी एक वडी घ्याच.

खाऱ्या पाण्यात गोड विहिरी
मालवणचा सिंधुदुर्ग १६६४ ते १६६७ या काळात बांधला गेला. चहूबाजूंनी समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसेही इथेच आहेत. किल्ल्याभोवतीच्या समुद्राला १९८७मध्ये सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला, कारण पाण्याखाली प्रवाळ आहे. तारकर्लीला प्रशिक्षकासोबत स्कूबा करता येतं. ज्यांना भीती वाटते त्यांनी स्नॉर्केलिंग करावं. तोंड पाण्यात, पाठ उन्हात. प्रवाळाला हात लावायचा नाही, तो दगड नाही, जीव आहे.

१२० पत्त्यांचा डाव
सावंतवाडीची गंजिफा गोल असते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी १२ पानं, एकूण १२०. राजवाड्यात हे पत्ते हाताने रंगवतात. तिथून चितारआळीत जा, लाकडी भाज्या आणि फळं घ्या. जवळच पिंगुळीला ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, बघायला मिळते.

गोव्याचा तुकडा नदीच्या अलीकडे
रेडीच्या द्विभुज गणपतीची मूर्ती १९७६मध्ये लोहखनिजाच्या खाणीत सापडली. त्याचं दर्शन घेऊन थोडं पुढे गेलात की नदी ओलांडण्याआधीच गोवा लागतो! तेरेखोलचा किल्ला नदीच्या महाराष्ट्राकडच्या तीरावर असूनही गोव्यात मोडतो. १५ ऑगस्ट १९५४ला सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकावला, तेव्हा गोवा पोर्तुगीजांकडेच होता.

परतताना गाडीच गाडीत
कोकण रेल्वे १९९९पासून भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून नेते. २०२५च्या गणेशोत्सवात हाच प्रयोग कोलाड ते वेर्णा खासगी मोटारींसाठीही झाला. ही सोय पुन्हा मिळाली, तर चालकालाही खिडकीतून कोकण बघता येईल.

निघण्याआधी दोन गोष्टी
मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्रातले खेळ आणि किल्ल्यांच्या होड्या पावसाळ्यासाठी बंद होतात, तेव्हा मालवण त्याआधी उरका. आणि सागरी महामार्गाच्या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे. पूल झाले की प्रवास झटपट होईल, गावकऱ्यांची सोय होईल, आणि ते व्हायलाच हवेत. पण गाडीतून उतरून, भजी खात, खाडी ओलांडायची चैन तेव्हा राहणार नाही. तेव्हा पोरांना फेरीबोटीत बसवायचं असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका. याच सुट्टीत निघा!