मामांसाठी एक सीडी

मामांचा फोन आला तो मे २०११ मधल्या एका रणरणत्या दुपारी. 'अगं, संगणक उठत नाही,' ते म्हणाले. घरातले कुणी आजारी पडल्यावर सांगावे तसा त्यांचा आवाज होता. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटत आणि पुढे काहीच होत नसे. तालुक्याच्या दुकानदाराने यंत्र उघडून पाहिले आणि निकाल दिला, 'फॉरमॅट मारावा लागेल. आतलं सगळं जाईल.'

'आतलं सगळं' म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. मामांचे मूळ गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी धरणाचा जलाशय भरू लागला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. घर उठले, माणसे जिल्ह्या-जिल्ह्यांत विखुरली. मामा पुढे प्राथमिक शिक्षक झाले. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुना संगणक विकत घेतला, मराठी टंकलेखन शिकून घेतले आणि बुडालेल्या गावातली शेते, पाणवठे आणि वाटा यांची नावे लिहायला बसले. सरकारी दप्तरात शेताला क्रमांक असतो. 'भुताचं खाचर', 'वडाचा टेप', 'सासूची पायरी' ही नावे तिथे नसतात. ती तिथे राबलेल्या माणसांच्या तोंडी होती आणि ती माणसे वर्षागणिक कमी होत होती.

मी पुण्यात एका महाविद्यालयात संगणक शिकवते. त्या शनिवारी पर्समध्ये एकच सीडी टाकली आणि एसटीने मामांच्या गावी गेले.

ती सीडी होती नॉपिक्सची. क्लाउस नॉपर या जर्मन अभियंत्याने २००० साली ती प्रथम लोकांसमोर ठेवली. एरवी संगणक चालू केला की तो आपल्या हार्ड डिस्ककडे पाहतो आणि तिथली विंडोज किंवा लिनक्स ही कार्यप्रणाली जागी करतो. नॉपिक्समध्ये सगळी कार्यप्रणालीच सीडीवर असते. हार्ड डिस्कला हात न लावता यंत्र सीडीवरून उठते, काम करते आणि सीडी काढून बंद केले की जसेच्या तसे राहते. अशा सीडीला 'लाइव्ह' सीडी म्हणतात. सीडीवरून संगणक कसा सुरू करायचा याचा एक ठराव १९९५ साली प्रसिद्ध झाला होता. त्याचे नाव 'एल टोरिटो', आणि ते एका उपाहारगृहावरून पडले असे सांगतात.

मामांचे यंत्र उठले! त्यांच्या हार्ड डिस्कची मरणकळा सुरू झाली होती, पण वाचण्याइतका जीव तिच्यात होता. सगळ्या फायली पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. मामींनी देवापुढे साखर ठेवली.

आता प्रश्न पुढचा. डिस्क भरवशाची राहिली नव्हती, आणि 'या जुन्या डब्यावर आणखी पैसे नकोत' हा मामांचा हट्ट होता. यंत्र इतके जुने की पेन ड्राइव्हवरून ते सुरूही होत नसे. नॉपिक्समध्ये शेकडो प्रोग्रॅम होते, पण मामांना लागणारी मराठी त्यात तयार नव्हती आणि बाकीचे पाहूनच ते गांगरले. मी सहज बोलून गेले, 'मामा, मी तुमच्यासाठी वेगळी सीडी करून देते.'

असे बोलता येते, कारण लिनक्सचा परवानाच तसा आहे. लिनस टॉरवाल्ड्स या हेलसिंकीतल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो 'जीपीएल' परवान्याखाली आणला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या 'ग्नू' प्रकल्पातून आलेला हा परवाना सांगतो : वापरा, उघडून पाहा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र देताना हेच हक्क त्यालाही द्या. १९९३ साली सुरू झालेल्या 'डेबियन' या स्वयंसेवकांच्या प्रकल्पाने अशी हजारो सॉफ्टवेअरे नीट बांधून ठेवली आहेत. त्यातून हवी ती उचलून आपली सीडी बांधायची.

बांधायची रीत ऐकायला वाटते तितकी अवघड नाही. आपल्या संगणकावर एक रिकामा फोल्डर घ्यायचा आणि त्यात डेबियनचा अगदी किमान संसार मांडायचा. मग एका आज्ञेने त्या फोल्डरच्या 'आत शिरायचे'. आत गेल्यावर तो फोल्डर म्हणजेच जणू पूर्ण संगणक होतो. तिथे हवे ते प्रोग्रॅम घालायचे, नको ते काढायचे, बाहेर यायचे आणि सगळे दाबून एका फायलीत भरायचे. या दाबण्यातच खरी गंमत आहे. ७०० एमबीच्या सीडीवर त्यामुळे सुमारे दोन जीबीचा ऐवज मावतो आणि चालताना लागेल तेवढाच भाग उलगडला जातो. ही सगळी कामे ओळीने करणारे 'लाइव्ह-बिल्ड' नावाचे साधन डेबियननेच दिले आहे. आपण द्यायची ती एक यादी, एका ओळीवर एक नाव. वाणसामानाची असते तशी.

यादी करायला बसले आणि लक्षात आले, की प्रवासाची पिशवी भरण्यासारखेच हे काम आहे. काय घालावे हे ज्याला जायचे आहे त्याच्यावर ठरते. यंत्राची रॅम ५१२ एमबी, म्हणून हलका 'एलएक्सडीई' पडदा घेतला. लिहायला 'एबिवर्ड' घेतले, कारण ते मामांच्या फायली उघडू शकत होते. खेळ काढले. इंटरनेट मामांकडे नव्हते, तेव्हा त्याचे सामानही बहुतेक काढले. तासाभरात सीडीची प्रतिमा तयार झाली. संगणकाच्या आतच दुसरा लुटुपुटुचा संगणक चालवता येतो. त्यात ती लावून पाहिली. सुरेख चालली. मग मामांची फाइल उघडली आणि पानभर नुसते चौकोन! देवनागरी टंक घालायचाच राहिला होता. इतके दिवस इंग्रजीत तपासत होते, तेव्हा कळणार कसे? 'लोहित' टंक घातला, प्रतिमा पुन्हा बांधली.

जुलैत ती सीडी घेऊन गावी गेले. मामा खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि टंकायला लागले. दोन अक्षरे झाली आणि थांबले. 'हे भलतंच उमटतंय गं.' मी रोमन अक्षरे वापरून मराठी टंकते, तशीच सोय सीडीत केली होती. मामा शिकले होते इनस्क्रिप्ट, म्हणजे डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. त्यांची सीडी मी माझ्या बोटांसाठी बांधली होती. मामा काही बोलले नाहीत. मामींनीच विचारले, 'तू याला विचारलं नव्हतंस का?'

तिसरी सीडी श्रावणात तयार झाली. मला रजा नव्हती, म्हणून गावाकडे निघालेल्या मामेभावाबरोबर पाठवली. सोबत मोठ्या अक्षरांत लिहिलेला सूचनांचा कागद होता. त्यातली सातवी सूचना : 'लिहून झाले की पेन ड्राइव्हवर जतन करावे.'

ही सूचना सातवी का असावी, याचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. सीडीवर काही लिहिता येत नाही. मग लाइव्ह कार्यप्रणाली चालते कशी? समजा, छापील नकाशावर पारदर्शक कागद ठेवला आणि खुणा त्या कागदावर केल्या. पाहणाऱ्याला नकाशा आणि खुणा एकत्रच दिसतात. हा पारदर्शक कागद असतो रॅममध्ये. वीज गेली किंवा यंत्र बंद केले, की कागद नाहीसा होतो आणि नकाशा कोराच्या कोरा उरतो. वर्गात मी हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत असे आणि 'किती सुरक्षित!' असे म्हणत असे.

त्या श्रावणात मामांची एक चुलत आत्या पूजेसाठी त्यांच्याकडे आली होती. नव्वदीच्या घरातली बाई, लग्न होऊन त्याच गावात राहिलेली. एका संध्याकाळी ती सांगत गेली आणि मामा लिहीत गेले. वरच्या वाडीतल्या शेतांची एकतीस नावे, प्रत्येकाला क्रमांक घालून. लिहून झाल्यावर मामांनी वर्षानुवर्षांच्या सवयीने फाइल डेस्कटॉपवर जतन केली, ती तिथे दिसत असल्याची खात्री केली आणि शिस्तीत यंत्र बंद केले. सकाळी आत्या आपल्या गावी परतली. दुपारी मामांनी संगणक लावला, तर डेस्कटॉप कोरा.

फोनवर मला ते इतकेच म्हणाले, 'तुझी सीडी माझ्यासारखीच निघाली गं. सकाळी उठली की कालचं आठवत नाही.' आणि हसले. मला हसता आले नाही. चूक त्यांची नव्हती. पडद्यावर फाइल दिसत होती. ती दिसते पण नसते, हे त्यांना कुणी सांगायचे?

त्याच रात्री मी चौथी सीडी बांधली. यावर उपाय होता आणि तो मला माहीतही होता. पेन ड्राइव्हवर ठरावीक नावाचा एक कप्पा करायचा आणि सीडी सुरू होताना तिला एक शब्द द्यायचा. मग ती तो कप्पा शोधते आणि वापरणाऱ्याच्या खुणा रॅमऐवजी त्यात ठेवते. तो शब्द मी सीडीतच कायमचा लिहून टाकला, म्हणजे मामांना काही करायला नको. पेन ड्राइव्ह लावलेला नसेल, तर पडद्यावर मोठ्या मराठी अक्षरांत तशी सूचना यावी, अशी व्यवस्था केली. सूचनांचा कागद मात्र पाठवला नाही. रविवारी स्वतः गेले, मामांना लिहायला लावले, यंत्र बंद करायला लावले आणि पुन्हा सुरू करायला लावले. फाइल जागेवर होती.

मामांनी त्या संध्याकाळची यादी आठवून पुन्हा लिहिली. अठ्ठावीस नावे जमली. उरलेली तीन दिवाळीत आत्याकडे जाऊन विचारू, असे ठरले. दसऱ्याच्या सुमारास आत्या गेली.

त्या चौथ्या सीडीवर मामांनी पुढे तीन वर्षे लिहिले. मग ते यंत्रच थकले. आज नव्या संगणकांत सीडीची खाचच नसते; हीच प्रतिमा पेन ड्राइव्हवर उतरवतात. लाइव्ह-बिल्ड अजून आहे. मात्र मामांच्या यंत्रासारख्या ३२ बिटांच्या संगणकांवर प्रतिष्ठापना करण्याची सोय डेबियनने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीपासून काढून घेतली आहे. मी अजूनही कुणाकुणासाठी अशा प्रतिमा बांधते, कधी शाळेच्या जुन्या यंत्रांसाठी, कधी विंडोज बिघडलेल्या शेजाऱ्यासाठी. विद्यार्थ्यांनाही बांधायला लावते. ते उत्साहाने प्रोग्रॅमची यादी घेऊन येतात. मी यादी बाजूला ठेवते आणि विचारते, 'वापरणारा कोण? तो कोणत्या कळा दाबतो? लिहिलेलं कुठे ठेवायची त्याला सवय आहे?' बहुतेकांना ते आधी विचारून यावे लागते.

मामांची यादी आता छापून, शिवून तयार आहे. विखुरलेल्या भावकीत तिच्या प्रती गेल्या आहेत. वरच्या वाडीच्या पानावर एक ते एकतीस क्रमांक आहेत. मी एकदा म्हटले होते, 'मामा, अठ्ठावीसच क्रमांक घाला, म्हणजे पान नीट दिसेल.' त्यांनी मान हलवली. 'शेतं एकतीस होती,' ते म्हणाले.

नऊ, सतरा आणि सव्वीस या क्रमांकांपुढची जागा कोरी आहे.