‘गोंदिया’ हे नाव अवैध आहे!

ऑनलाइन फॉर्म भरताना ‘माहिती अवैध आहे’ अशी लाल ओळ झळकते. ती आणणाऱ्या कोडच्या तुकड्याला व्हॅलिडेटर म्हणतात. पायथॉनमधल्या जँगो या फ्रेमवर्कमध्ये ईमेल, लांबी, किमान-कमाल आकडा यांचे व्हॅलिडेटर तयार मिळतात. आधार क्रमांक किंवा सातबाऱ्यावरचा गट क्रमांक तपासणारे मात्र आपल्यालाच लिहावे लागतात, आणि त्यांच्या चाचणीबद्दल बरेच गैरसमज आहेत. उदाहरणादाखल गोंदिया जिल्ह्यातल्या धान विक्रीच्या नोंदणीचा एक काल्पनिक फॉर्म घेऊ.

गैरसमज : चुकीची माहिती अडवली, म्हणजे व्हॅलिडेटर पास.

वस्तुस्थिती : सरसकट सगळेच नाकारणारा व्हॅलिडेटरही ही परीक्षा पास होईल. चुकून आत शिरलेली नोंद आज ना उद्या कुणाच्या तरी नजरेस पडते. विनाकारण परत पाठवलेल्या शेतकऱ्याची डेटाबेसमध्ये नोंदच नसते, त्यामुळे ती चूक कोणत्याही अहवालात येत नाही. म्हणून चाचणीतली निम्मी तरी उदाहरणे ‘हे स्वीकारलेच पाहिजे’ अशी हवीत.

तालुक्याच्या नावात फक्त अक्षरे असावीत, म्हणून कुणी पायथॉनची ‘इज-अल्फा’ ही तयार सोय वापरतो. युनिकोडच्या वर्गवारीत काना, वेलांटी, अनुस्वार ही अक्षरे नव्हेत, जोडचिन्हे आहेत. परिणामी ‘गोंदिया’ नापास. तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव, आठही तालुके नापास! रेग्युलर एक्स्प्रेशनमधले, म्हणजे मजकूर जुळवून पाहण्याच्या नमुन्यातले, ‘बॅकस्लॅश-डब्ल्यू’ वापरले तरी पायथॉनच्या मूळ लायब्ररीत हेच घडते. गंमत म्हणजे चाचणीत ‘कमल’ किंवा ‘गणपत’ एवढीच नावे घातली, तर सगळे हिरवे दिसते. त्यांत एकही काना-मात्रा नाही. लांबीचेही तसेच. ‘गोंदिया’ डोळ्यांना तीन अक्षरांचे, पायथॉनच्या मोजणीत सात.

आकड्यांच्या रकान्यांचेही तसेच. गट क्रमांक ‘११२/२/अ’ असा असू शकतो आणि दोन एकर क्षेत्र हेक्टरमध्ये लिहिले तर सुमारे ०.८१ होते. फक्त पूर्णांक घेणारा रकाना या दोन्ही नोंदी परत पाठवतो.

गैरसमज : सहा आकडे म्हणजे सहा आकडे, त्यात तपासायचे काय?

वस्तुस्थिती : आमगावचा पिन कोड कुणी मराठी कीबोर्डवरून ४४१९०२ असा टंकला, तर पायथॉनचे ‘बॅकस्लॅश-डी’ देवनागरी अंकही आकडे मानून तो स्वीकारते. ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टचे तेच चिन्ह फक्त इंग्रजी अंक ओळखते. म्हणजे एकच नमुना पडद्यावर नकार देतो आणि सर्व्हरवर होकार. मोबाइल क्रमांक मजकूर म्हणून साठवत असाल, तर एकच क्रमांक दोन लिप्यांत दोनदा नोंदला जाण्याची वाट मोकळी होते. मराठी माणसाला ‘इंग्रजीतच लिहा’ म्हणून हाकलण्यापेक्षा आधी अंक एका रूपात आणावेत, मग तपासावेत, आणि चाचणीत दोन्ही रूपे घालावीत.

नमुन्याच्या शेवटी लिहिलेले डॉलरचे चिन्हही फसवे आहे. पायथॉनमध्ये ते शेवटच्या नव्या ओळीच्या आधीही जुळते. जँगोच्या स्वतःच्या काही तयार व्हॅलिडेटरमध्ये ही फट होती. ती जुलै २०१५च्या सुरक्षा दुरुस्तीत बुजवली गेली.

गैरसमज : व्हॅलिडेटर जोडला की फ्रेमवर्क तो प्रत्येक वेळी चालवतेच.

वस्तुस्थिती : जँगोत मॉडेलची ‘सेव्ह’ क्रिया व्हॅलिडेटर चालवत नाही, ते काम ‘फुल-क्लीन’चे. फॉर्ममधून आलेली माहिती तपासली जाते, एक्सेलमधून स्क्रिप्टने भरलेली तशीच आत जाते. रिकाम्या रकान्यावर तर व्हॅलिडेटर चालतच नाहीत. तेव्हा व्हॅलिडेटरचे फंक्शन सुटे तपासा आणि तो फॉर्मला खरोखर जोडलेला आहे का, याची वेगळी चाचणी लिहा. त्रुटीचा मराठी मजकूर जुळवत बसू नका. उद्या कुणी त्यातले शुद्धलेखन सुधारले की चाचणी कोसळेल. त्रुटीचा कोड तपासा.

गैरसमज : आधारची चाचणी करायला खरा क्रमांक लागतो.

वस्तुस्थिती : लागत नाही, आणि वापरूही नये. आधारचा बारावा अंक व्हेरहोफ पद्धतीने काढलेला असतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन वेगळे अंक उलटसुलट झाले, की ही पद्धत हमखास पकडते. २३६ या संख्येचा तपास-अंक ३ येतो. म्हणजे २३६३ पास आणि ३२६३ नापास व्हायला हवे. गणित तपासायला एवढे छोटे उदाहरण चालते. आधार क्रमांक ० किंवा १ने सुरू होत नाही, म्हणून बारा अंकी नमुनेही या अंकांनी सुरू होणारे घेतले तर ते कुणाचेच नसतील. पहिल्या अंकाचा नियम वेगळा तपासा. हे सगळे जुळले तरी क्रमांक फक्त लिहिण्यात चुकलेला नाही, एवढेच कळते. तो कुणाचा आहे, हे नाही.

पुढचा व्हॅलिडेटर लिहिण्याआधी खरेदी केंद्रावर किंवा सेतू केंद्रात बसणाऱ्या ऑपरेटरला एक प्रश्न विचारा : कोणते अर्ज परत जातात? तो जी नावे आणि गट क्रमांकांचे जे प्रकार सांगेल, त्यांच्यासारखी उदाहरणे चाचणीत सगळ्यांत वर घाला.